पोटातले कावळे

सीडर रॅपिड्सला वास येतो.
वारा नदीवरून आला की शिजणाऱ्या ओट्सचा,
इतर दिवशी भाजलेल्या मक्याचा.
मी त्या ओट्सच्या कारखान्यात पाळी करतो,
सदऱ्याला, केसांना, गाडीच्या सीटला
खिरीचा वास घेऊन घरी येतो.
त्या वर्षी शर्विल दारातच म्हणायचा,
बाबा, आधी कपडे बदला.

मला वाटलं, वयात आलाय.

कुस्तीच्या टीममध्ये होता. इथे शाळांतून कुस्ती असते,
मातीवर नाही, निळ्या रबरी मॅटवर,
आणि मॅटच्या आधी काट्यावर.
खालच्या गटात उतरायचं म्हणून त्यानं भात सोडला,
मग पोळी, मग पाण्याचे घोट मोजायला लागला.
कोच म्हणाला, जिगर आहे पोरात.
मीही म्हणालो. हे लिहून ठेवतो,
कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.
फोटो काढून कराडला पाठवला:
बघा, अंग कसं कोरलंय.

फेब्रुवारीत सीझन संपला.
उपास संपला नाही.

जूनच्या उन्हात त्याला थंडी वाजायची.
हातांवर पिसासारखी लव आली.
सोफ्याच्या फटीत, कुत्र्याच्या वाडग्यात
सुनेत्राला पोळीचे तुकडे सापडायला लागले,
नीट घडी घातलेले.
इमर्जन्सीत नर्सनं नाडी मोजली
आणि काही न बोलता पुन्हा मोजली.

कराडहून फोन: हे मुलींना होतं ना?
दोन दिवस विचारू नकोस, झक मारत खाईल.
दादा, आपल्या घरात या आजाराला शब्दच नाही.
थेरं आहेत, नखरे आहेत,
आणि व्रतं आहेत.

कोलीन हाव्लिचेकच्या खोलीत आम्ही दोघं
कारणांची यादी घेऊन गेलो:
काटा, कोच, हातातला फोन, माझा तो फोटो,
सुनेत्राच्या मावशीनं वर्षानुवर्षं लपवलेलं काहीतरी.
तिनं यादी वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली.
थोडं रक्तात असतं, म्हणाली, थोडं स्वभावात, थोडं खेळात.
पण बुडणाऱ्याला नदीचं नाव विचारत नाहीत.
आधी अन्न. तीन जेवणं, तीन मधली खाणी.
किती, ते तो ठरवणार नाही.
तुम्ही बसायचं. उठायचं नाही.

मी रात्रपाळी मागून घेतली,
दिवसा ताटासमोर बसायला.
एका पराठ्याला एक तास दहा मिनिटं.
एकदा त्यानं ताट भिंतीवर मारलं.
लोणच्याचा डाग अजून आहे,
पुसला नाही, का ते माहीत नाही.
ओरडला ते शब्द त्याचे नव्हते, आजाराचे होते,
असं कोलीन सांगते.
काही त्याचे होते, असं मला वाटतं.

मिसरूड फुटलेल्या मुलाला
हा घास काऊचा, असं म्हणता येत नाही.
तरी ओठांवर तेच यायचं, आणि मी गिळायचो,
कारण काऊ म्हटलं की दुसराही आठवतो,
घाटावरचा,
भाताच्या गोळ्याशी येऊन थांबणारा.
त्याला मी मनातल्या मनात दगड मारत असे.

कोलीननं एकदा विचारलं, भूक लागली की काय होतं?
काही नाही, शर्विल म्हणाला. शांत असतं.
मी सांगितलं, आमच्यात पोटात कावळे ओरडतात.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.
मग दर मंगळवारी, मोडक्या उच्चारात, एकच प्रश्न:
काव-ले?
तो मान हलवायचा. नाही.

ऑक्टोबर. चेक वस्तीतल्या बेकरीसमोर, गाडीत,
त्याच्या मांडीवर जर्दाळूचा कोलाचे,
कागदात, अर्धा तास.
त्यानं कडा खाल्ल्या. मधलं जर्दाळू बोटानं बाजूला केलं.
खिडकीबाहेर बघत मग मराठीत म्हणाला,
एरवी तो बोलत नाही:
एक ओरडला वाटतं.

कुठे?
मी मूर्खासारखं वर तारांकडे पाहिलं.

त्या रात्री सूपवरून पुन्हा भांडण, पन्नास मिनिटं.
खिडकी उघडी होती, ओट्सचा वास येत होता.
बंद करा, असं कुणी म्हणालं नाही.